खारपाणपट्ट्यात चांदीचा धागा: नायलॉनमधून वीज नेण्याची कृती

चांदीचे सूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, चढवलेला आमचा पहिला नायलॉनचा धागा दिसायला सुंदर झाला होता. हळदीत बुडवून काढावा तसा पिवळा, एकसारखा, कुठे डाग नाही. टेबलावर ताणून धरला, मल्टिमीटरची टोकं लावली आणि पडद्यावर काहीच आलं नाही. विद्युत रोध, म्हणजे वीज वाहायला होणारा अडथळा, मीटरच्या पट्टीबाहेर. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पिवळा तं झाला ना, मंग करंट काऊन नाही जात?"

त्या 'काऊन'चं उत्तर शोधायला आम्हाला जवळजवळ एक सत्र लागलं. उत्तर थोडक्यात असं: धाग्यावर चांदी किती आहे यापेक्षा चांदीचे कण एकमेकांना टेकले आहेत की नाहीत यावर सगळं ठरतं. आणि ते टेकावेत म्हणून करायची निम्मी मेहनत चांदीची बाटली उघडण्याआधीच करावी लागते. दर्यापूर तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत, वीज जाते-येते अशा दिवसांत जमलेली ही कृती आहे. शिक्षकांनी आणि विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत असलेल्या मुलांनी ती करून बघावी म्हणून सविस्तर लिहिते आहे. मुलांनी मात्र शिक्षक शेजारी उभे असतानाच करावी. कारण पुढे येईलच.

आम्हाला हा धागा हवा होता तो कापसासाठी. हमीभावाच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे माल परत. केंद्रावर मीटर कापसात खुपसतात, आकडा येतो आणि कास्तकाराच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. तो मीटर बहुधा कापसाचा विद्युत रोधच मोजत असतो. मग घरच्या ढिगात, गाडी भरण्याआधी, तोच रोध आपण का मोजू नये? तांब्याची तार चालली असती, पण ती गोणपाटावर शिवता येत नाही, पुन्हा पुन्हा दुमडली की मोडते, आणि कापसात तुटून राहिली तर जिनिंगमध्ये नुकसान. धागा शिवता येतो, निघून येतो.

पिवळा धागा का अडतो

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण, आणि १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ०.३ मिलिमीटर जाडीच्या तंगुसाच्या (मासेमारीच्या दोरीच्या) रुंदीवर २० नॅनोमीटरचे कण ओळीने मांडले तर १५,००० मावतील. इतके लहान चांदीचे कण प्रकाशातला जांभळा-निळा भाग, ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, शोषून घेतात, म्हणून द्रावण आणि धागा पिवळा दिसतो. पण हा पिवळेपणा कण एकमेकांपासून सुटे असतानाच टिकतो. ते चिकटू लागले की रंग तपकिरी होतो, मग राखाडी, आणि शेवटी धातूची पांढरी झळाळी येते. म्हणजे ज्या रंगावर आम्ही खूश होतो, तोच रंग सांगत होता की कण टेकलेले नाहीत.

नाला ओलांडायला दगड टाकलेले असतात ना, तसं आहे हे. दगड पुष्कळ असून उपयोग नाही. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, पाऊल पोचेल अशी एक तरी सलग ओळ लागते. दगड टाकत गेलं तर बराच वेळ काहीच होत नाही आणि एका क्षणी, दोन-चार दगड आणखी पडले की वाट खुली होते. धाग्याचा रोधही असाच वागतो. तो हळूहळू उतरत नाही. दुसऱ्या बुडवणीपर्यंत मीटर गप्प असतो आणि तिसऱ्या बुडवणीला एकदम काहीशे ओहमवर येतो. म्हणून दुसऱ्या बुडवणीनंतर निराश होऊन धागा फेकू नका.

आमच्या पहिल्या पद्धतीत दुसरी चूक हिशेबाची होती. सिल्व्हर नायट्रेट, सोडियम सायट्रेट आणि थोडं टॅनिक आम्ल तापवून आम्ही आधी कण बनवले आणि मग धागा त्यात बुडवला. अशा द्रावणात लिटरमागे ०.१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे जेमतेम ०.१०८ ग्रॅम चांदी असते. आता धाग्याची गरज बघा. २० मायक्रोमीटर जाडीच्या तंतूंचा १ ग्रॅम नायलॉन धागा घेतला आणि प्रत्येक तंतूवर १०० नॅनोमीटरचा थर द्यायचा ठरवला, तर सुमारे ०.१८ ग्रॅम चांदी लागते. म्हणजे लिटरभर द्रावणातला प्रत्येक कण धाग्यावर बसला तरी पुरणार नाही. शिवाय सायट्रेटमुळे सगळ्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर ढकलतात. म्हणून खालच्या कृतीत कण बाहेर बनवून आणायचे नाहीत. ते धाग्यावरच जन्माला घालायचे आणि तिथेच वाढवायचे.

आधी धागा ओळखा

दुकानात 'नायलॉनचा दोरा' म्हणून मिळतो तो पुष्कळदा पॉलिएस्टर असतो. दोन्ही पॉलिमरच, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ, पण त्यांचे पृष्ठभाग वेगळे वागतात. चांदी धाग्यावर बसावी म्हणून आपण आधी टॅनिन (टॅनिक आम्ल हे त्याचंच रूप) लावणार आहोत, आणि नायलॉनच्या साखळीतल्या अमाइड गटांना ते चांगलं धरतं. पॉलिएस्टरवर आधी कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करावी लागते.

जाळून बघण्याची पद्धत प्रसिद्ध आहे: पॉलिएस्टर काळा काजळीचा धूर सोडतो, नायलॉनचा धूर फिकट असतो. पण मुलांसाठी मला त्याहून सोपी आणि खात्रीची वाटते ती मिठाच्या पाण्याची परीक्षा. १०० मिली पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत, साधारण ३६ ग्रॅम, घाला. या संपृक्त पाण्याची घनता सुमारे १.२ असते. नायलॉनची १.१४, पॉलिएस्टरची १.३८. धाग्याचा बोटभर तुकडा साबणाच्या थेंबात ओला करून, चोळून, आतली हवा काढून सोडा. नायलॉन तरंगतो, पॉलिएस्टर बुडतो. साध्या पाण्यावरही तरंगला तर तो पॉलिप्रोपिलीन. तो या कामाला घेऊ नका, त्यावर काही धरत नाही.

तंगूस, म्हणजे मासेमारीची एकतंतू दोरी, मोहात पाडते कारण ती गुळगुळीत आणि स्वस्त असते. पण गुळगुळीतपणामुळेच चांदी सोलून निघते. बहुतंतू धागा घ्या, गोणी किंवा चप्पल शिवायचा. त्याला पृष्ठभागही कितीतरी जास्त मिळतो.

सुती धागा का नको, असं मुलं विचारतातच. पऱ्हाटीच्या बोंडातला तंतूही सेल्युलोज नावाचा पॉलिमरच आहे आणि त्यावर चांदी छान बसते. टॅनिनसाठी हिरड्याचा काढाही चालतो, रंगारी कापडाला रंग धरावा म्हणून तोच वापरत आले आहेत. अडचण एवढीच की ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सूत स्वतःच ७-८ टक्के पाणी धरून बसतं, नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ओलावा मोजणारा धागा स्वतःच ओला झालेला चालत नाही.

पाणी

आमचं गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. इथलं भूजल खारं आहे. त्या पाण्यातलं क्लोराइड हे या प्रयोगाचं पहिलं संकट. सिल्व्हर नायट्रेट आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा अवक्षेप होतो आणि तो पाण्यात जवळपास विरघळत नाही, लिटरमध्ये जेमतेम २ मिलिग्रॅम. म्हणजे महागाची चांदी धाग्यापर्यंत पोचण्याआधीच तळाशी बसते.

म्हणून कुठलंही पाणी वापरण्याआधी परीक्षा घ्या. स्वच्छ परीक्षानळीत ५ मिली पाणी, त्यात १ टक्का सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब, मागे काळा कागद. आमच्या बोअरचं पाणी क्षणात ताकासारखं झालं. आरओच्या पाण्यातही हलकी धुकट छटा आली. बॅटरीत घालायचं पाणी बहुधा स्वच्छ निघतं, पण बहुधाच. प्रत्येक नवा कॅन तपासा, कारण कॅनवरच्या चिठ्ठीपेक्षा हा एक थेंब खरं बोलतो. जून-जुलैमध्ये पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन, छताचं नको, मोकळ्या आभाळाखाली ठेवलेल्या स्वच्छ भांड्यातलं पावसाचं पाणीही परीक्षेत उतरलं होतं.

भांडी या पाण्याने तीनदा विसळा. नळाखाली धुतलेलं चंचुपात्र कोरडं दिसतं, पण काचेवर मीठ राहतंच. हातमोजे घालायचे ते निव्वळ कातडीसाठी नाहीत, घामातही मीठ असतं. मे महिन्यात उघड्या बोटांनी धरलेल्या धाग्यावर बोटांच्या जागी नेमके फिके पट्टे उठलेले आम्ही पाहिले आहेत.

सामान आणि सावधगिरी

१ ग्रॅम धाग्यासाठी एवढं लागेल: सिल्व्हर नायट्रेट साधारण सव्वादोन ग्रॅम, टॅनिक आम्ल १ ग्रॅम, ग्लुकोज २ ग्रॅम, अमोनियाचं द्रावण, व्हिनेगर, धुण्याची साधी पावडर, तापमापी आणि मल्टिमीटर. १ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटमध्ये ०.६३५ ग्रॅम चांदी असते, तेव्हा वजनकाट्यावर सांडलेला चमचा म्हणजे सांडलेली चांदी समजा. बाटली तपकिरी काचेची हवी, नाहीतर काळा कागद गुंडाळा. उजेडात ते खराब होतं.

सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं तर काळा डाग पडतो आणि काही दिवस जात नाही. डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते, म्हणून चष्मा प्रत्येकाला, बघ्यांनाही. अमोनियाची बाटली आपल्याकडच्या उन्हाळ्यात कधीही तशीच उघडू नका. ४५ अंशांच्या दिवसांत आत दाब धरलेला असतो. बाटली आधी अर्धा तास थंड पाण्यात ठेवा, झाकण खिडकीजवळ, तोंड लांब ठेवून हळू फिरवा. खरं सांगायचं तर हे काम नोव्हेंबर ते जानेवारीतच करावं. कापूसही तेव्हाच घरात येतो.

धुणं आणि टॅनिन

नव्या धाग्यावर कातताना लावलेलं तेल असतं. ते राहिलं तर चांदी ठिगळासारखी बसते. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चिमूटभर धुण्याची पावडर घालून धागा २० मिनिटं हलवत ठेवा, मग परीक्षेत उतरलेल्या पाण्याने चार-पाचदा विसळा. पाणी धाग्यावर थेंब होऊन न थांबता पटकन पसरलं तर तेल गेलं. धाग्याची लडी सैल बांधा. घट्ट बांधलेल्या जागी पुढचं काहीच पोचत नाही.

पॉलिएस्टर असेल तर इथे एक जादा पायरी: ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या ८० अंशांच्या द्रावणात १०-१५ मिनिटं. साखळीतले एस्टर बंध वरवर तुटतात, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि चांदीला धरायला जागा मिळते. जास्त वेळ ठेवलात तर धागाच झिजतो. नायलॉनला हे लागत नाही.

आता २०० मिली पाण्यात १ ग्रॅम टॅनिक आम्ल आणि व्हिनेगरचे ५-६ थेंब. ६० ते ६५ अंशांवर अर्धा तास. नायलॉनवर आम्ल रंग पक्का करायला कापड उद्योगात टॅनिक आम्ल पूर्वीपासून वापरलं गेलं आहे; आपण त्याच पकडीचा फायदा घेतो. टॅनिन दोन कामं करतं: तंतूला चिकटतं आणि चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचा धातू करतं. वीज गेली तर घाबरू नका. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, गरम पाणी घेऊन त्यात चंचुपात्र ठेवा, वरून गोणपाट गुंडाळा. अर्धा तास उष्णता टिकते. शेवटी धागा हलका पिळा आणि एकदाच विसळा. जास्त विसळला तर टॅनिनही जाईल, अजिबात नाही विसळला तर पुढच्या द्रावणात गाळ होईल.

बी पेरणं

५० मिली पाण्यात ०.२ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. धागा १० मिनिटं त्यात भिजवा, मग पातळ केलेल्या अमोनियाचे दोन-तीन थेंब टाकून हलवा. अल्कधर्मी पाण्यात टॅनिन जोमाने काम करतं आणि एक-दोन मिनिटांत धागा चहासारखा तपकिरी होतो. हे चांदीचं बी. सूक्ष्म कण तंतूवर रुजले, पण अजून त्यांची सलग ओळ झालेली नाही. मीटर लावू नका, काही दिसणार नाही. रंग मात्र नीट बघा. धागा एकसारखा तपकिरी हवा. कुठे पांढरी चट्टी असेल तर तिथे तेल राहिलं होतं, आणि त्या जागी पुढे चांदीही येणार नाही. असा धागा मी इथेच बाजूला ठेवते. पुढच्या पायरीला खरी चांदी खर्च होते.

चांदी वाढवणं

मुख्य पायरी हीच, आणि धोकाही इथेच आहे. रसायन जुनं आहे: अल्डिहाइड (आपलं ग्लुकोजही त्यासारखंच वागतं) चांदीच्या क्षारातून धातू बाहेर काढतं हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३५ मध्ये नोंदवलं होतं, आणि काचेवर आरसा चढवण्याची पद्धत त्यातूनच निघाली. बारावीत आपण टॉलेन्स परीक्षा म्हणून ती करतो. फरक एवढाच की आपल्याला आरसा काचेवर नको, धाग्यावर हवा, म्हणून सगळं सावकाश करायचं.

६० मिली पाण्यात १ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवा. अमोनिया एकास तीन पाण्याने पातळ करून थेंब-थेंब घाला, ढवळत. आधी तपकिरी गढूळपणा येईल, तो सिल्व्हर ऑक्साइड. पुढच्या थेंबांनी तो विरत जाईल. द्रावण नितळ झालं त्या थेंबाला थांबा. जास्त अमोनिया गेला तर चांदी बाहेर पडायला कुरकुरते. परीक्षानळीतल्या आरशासाठी पुष्कळ पुस्तकं कॉस्टिक सोडाही घालायला सांगतात. इथे घालू नका. त्याने क्रिया भराभर होते, चांदी धाग्याऐवजी द्रावणात काळा गाळ होऊन पडते, आणि धोकाही वाढतो.

वेगळ्या चंचुपात्रात २० मिली पाण्यात १ ग्रॅम ग्लुकोज. तपकिरी धागा चांदीच्या द्रावणात सोडा, पात्र ५० अंशांच्या पाण्यात ठेवा आणि ग्लुकोज एकदम न ओतता ५-५ मिली करून चार वेळा, दर चार मिनिटांनी घाला. काचेच्या कांडीने लडी सतत फिरवत राहा. धागा गडद होईल, मग राखाडी. पात्राच्या काचेवरही आरसा येईल. तिथे गेलेल्या चांदीला आपण मुकलो, म्हणून पात्र शक्य तितकं लहान घ्या. वीस मिनिटांनी धागा काढा, तीनदा विसळा, सावलीत वाळवा.

आता मीटर लावा. १ सेंटिमीटर अंतरावर आकडा आला तर उत्तम, नाही आला तरी उत्तम. ताजं द्रावण बनवून हीच पायरी पुन्हा करा. दुसऱ्या फेरीत चांदी आधीच्या कणांवर बसते, कण फुगतात आणि फटी भरतात. आमच्या हातून पहिल्या फेरीत क्वचितच वाट खुली झाली, दुसरीत (बी पेरणं धरलं तर तिसऱ्या बुडवणीला) बहुतेकदा. तिसरी लागली तर सिल्व्हर नायट्रेट आणि ग्लुकोज आणखी एकेक ग्रॅम धरा. तिसरीनंतरही नाही झाली तर दोष धुण्यात किंवा पाण्यात आहे, आणखी चांदी ओतून तो झाकला जात नाही.

उरलेलं द्रावण त्याच तासात संपवा

अमोनियायुक्त चांदीचं द्रावण साठवायचं नाही. उद्यासाठी झाकून ठेवायचं नाही, कडेला वाळू द्यायचं नाही. ते राहिलं की त्यात सिल्व्हर नायट्राइडसारखे पदार्थ तयार होतात, आणि ते नुसत्या हलवण्याने स्फोट पावतात. प्रयोगशाळांमध्ये असे अपघात झालेले आहेत. तास संपल्याची घंटा झाली, मुलांना बस गाठायची आहे, म्हणून हे काम दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. शिक्षक शेजारी हवेत असं सुरुवातीला लिहिलं ते यासाठी.

करायचं असं. उरलेल्या द्रावणात व्हिनेगर घाला, अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत, आणि लिटमस लाल होऊ द्या. मग मिठाचं पाणी. दह्यासारखा पांढरा सिल्व्हर क्लोराइड तळाशी बसेल. आधी आम्ल आणि मग मीठ, हाच क्रम ठेवा, कारण सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं. विसळलेलं पाणीही यातच ओता. वरचं पाणी नितळ झाल्यावर निथळून घ्या, पांढरा गाळ काळ्या बाटलीत जमवा. त्यातली चांदी पुढे जस्ताची पट्टी आणि पातळ आम्ल वापरून परत मिळवता येते. हे पाणी तसंच नाल्यात सोडू नये. चांदीचे आयन मासे आणि पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना मारतात, आणि आपल्या नाल्यात आधीच पाणी किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

इथे खारं पाणी पहिल्यांदा कामाला येतं. उरलेल्या द्रावणातली चांदी तळाशी बसवायला बोअरचं पाणीही चालतं, मीठ थोडं कमी लागतं.

ऊब

अखंड चांदी ९६२ अंशांना वितळते, पण नॅनोकण एकमेकांना टेकले असतील तर १०० ते २०० अंशांतच त्यांच्या माना जुळू लागतात. पृष्ठभागावरचे अणू सैल असतात, ते सरकून दोन कणांमधली खाच भरतात. धागा लाकडी चौकटीवर हलका ताणून भट्टीत ११० अंशांवर अर्धा तास ठेवा. ताणला नाही तर नायलॉन आकसतो आणि थराला तडे जातात. भट्टी नसेल तर इस्त्री, एका ठिपक्याच्या खुणेवर, दोन सुती कापडांच्या मध्ये. ती खूण साधारण ११० अंशांची असते. याहून वर जाऊ नका.

मोजणं

धागा लाकडाच्या पट्टीवर ताणा आणि १, २, ५, १०, २० सेंटिमीटरवर रोध मोजा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करा. टोकं धाग्यावर दाबून धरू नका, दाबाने आकडा बदलतो. दोन्ही ठिकाणी धाग्याचे तीन-चार वेढे देऊन मगरचिमटा लावा. आलेखावर बिंदू सरळ रेषेत आले तर थर एकसारखा आहे. कुठे उडी दिसली तर तिथे तडा आहे, तो भाग कापून टाका.

आकडा किती यावा? ८४० डेनियरचा, म्हणजे ९,००० मीटरचं वजन ८४० ग्रॅम भरेल असा, धागा १ ग्रॅममध्ये पावणेअकरा मीटर भरतो. त्यावर हिशेबाप्रमाणे ०.१८ ग्रॅम चांदी अखंड थरासारखी बसली असती तर एक मीटर लांबीला साधारण १० ओहम आले असते. कणांच्या सांध्यांमुळे प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट येतो. मीटरभर लांबीला काहीशे ओहम आले तरी आपल्या कामाला भरपूर आहे, कारण कापसाचा रोध याच्या लाखो पट असतो. मग पेन्सिलीभोवती धागा शंभरदा वाकवा आणि पुन्हा मोजा. चिकटपट्टी लावून ओढा. पट्टीवर चांदी आली तर धुण्याची पायरी पुन्हा वाचा.

चांदीला गंधक खपत नाही. गोठ्याजवळ, गोबर गॅसजवळ किंवा फवारणीचं गंधक ठेवलेल्या खोलीत धागा आठवड्यात काळा पडू लागतो. कापसाला न टेकणाऱ्या भागावर नखांच्या पारदर्शक रंगाचा पातळ हात द्या आणि धागा झाकणाच्या डब्यात ठेवा.

कापसाच्या ढिगात

पॉलिएस्टरच्या कापडाच्या पट्टीवर दोन धागे समांतर शिवा, मधे १ सेंटिमीटर, लांबी १० सेंटिमीटर. ते एकमेकांना कुठेही टेकता कामा नयेत. पट्टी कापसात पुरा आणि वर दर वेळी तेवढंच वजन ठेवा; आम्ही २ किलोचं वजन एका फळीवर ठेवतो. कापूस दाबला की तंतू जास्त टेकतात आणि रोध उतरतो, त्यामुळे वजन बदललं तर आकड्यांना अर्थ राहत नाही. ओलावा ८ चा १२ टक्के झाला की कापसाचा रोध दहापटींच्या हिशेबात कोसळतो, म्हणून फार नेमका मीटर लागत नाही. पण अगदी कोरड्या कापसाचा रोध साध्या मल्टिमीटरच्या २० मेगाओहमच्या पुढे जातो. तिथे आकडा न येणं हाही एक निकाल आहे.

मोजणी पाच सेकंदांत उरका आणि मीटर काढा. ओलाव्यात एकाच दिशेची वीज चालू राहिली तर चांदीचे आयन एका धाग्याकडून दुसऱ्याकडे सरकतात, झाडाच्या फांद्यांसारखे तंतू वाढतात आणि शेवटी दोन्ही धागे जोडले जातात. दर मोजणीला चिमट्यांची अदलाबदल करा.

रोधावरून टक्के काढायला तक्ता स्वतःच बनवावा लागतो, कारण वाण, सरकी आणि कचरा यांनी आकडे बदलतात. आपल्याच वावरातला कापूस घ्या. पट्टीवर रोध मोजा, लगेच त्याच जागचा १०० ग्रॅम कापूस तोला आणि १०५ अंशांच्या भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. ९१ ग्रॅम उरला तर ओलावा ९ टक्के. काही ठिकाणी हाच ओलावा कोरड्या वजनाच्या प्रमाणात सांगतात आणि तेव्हा तो ९.९ टक्के होतो. केंद्रावरचा आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारून घ्या. सकाळी दव असताना वेचलेला, दुपारचा, आणि दोन दिवस अंगणात वाळवलेला, असे निदान आठ-दहा नमुने झाले की वहीत एक वक्र तयार होतो. आमच्या वहीत सध्या अकरा नमुने आहेत. फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच झाडं ठेवून घेतलेल्या, कापसाचे अजून घ्यायचे आहेत.